गावातल्या माश्या, भुंगे, फुलपाखरं टिकवायचीयत? नगरपरिषदेपासून गॅलरीपर्यंत काय काय करता येतं

"मधमाश्या वाचवा" म्हटलं की लोक साधारण दोन गोष्टी करतात. एक म्हणजे आइन्स्टाइनच्या नावाने फिरणारा तो "माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपणार" वाला फॉरवर्ड ग्रुपवर टाकतात, जो आइन्स्टाइन बोलल्याचा कुठेही पुरावा सापडलेला नाही, आणि दुसरं म्हणजे मधाची पेटी कुठे मिळेल ते विचारायला लागतात. दोन्हीने तुमच्या गावातल्या माश्यांना काडीचा फायदा होत नाही. पेटीचं का होत नाही ते पुढे सांगतो.

हे सगळं मी तालुक्याच्या गावासाठी लिहितोय, म्हणजे वाई, भोर, पाटण असली घाटाच्या पायथ्याची किंवा देशावरची गावं, जिथे नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे, चार-पाच बागा आहेत, एक-दोन पाण्याच्या टाक्या आहेत, आणि अजून थोडी मोकळी जागा शिल्लक आहे. कोकणात, विदर्भात झाडं थोडी बदलतील, बाकी पद्धत तीच. आणि आधीच सांगून टाकतो, यात विकत आणायच्या गोष्टी फार कमी आहेत आणि बंद करायच्या जास्त, त्यामुळे उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

१. आधी कोण कोण आहे ते बघा

मधमाशी म्हणजे एकच असं बऱ्याच जणांना वाटतं. भारतात माश्यांच्या (म्हणजे इंग्रजीतल्या 'बी', घरात घोंघावणाऱ्या नव्हेत) ७०० च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या मध साठवून पोळी करणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्याच. आपल्याकडे आग्या (मोठी, टाकीखाली नाहीतर उंच झाडाला एकच मोठं उघडं पोळं), सातेरी (झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी बरीच पोळी), फुलोरी (इटुकली, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं) आणि बिनडंखाची बारीक काळी माशी, जी जुन्या दगडी भिंतीच्या फटीत राहते आणि दाराशी डिंकासारख्या पदार्थाची छोटी नळी काढते. बऱ्याच लोकांना ही चिलटं वाटतात आणि प्लास्टर करताना ती नळी सिमेंटने बंद होते.

बाकीच्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या. राणी नाही, पोळं नाही, मध नाही, एक मादी एक बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवते, अंडं घालते, बंद करते आणि पुढचं खोदायला घेते. यातल्या बहुतेक जमिनीत राहतात. काळा मोठा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत राहतो. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल तुकडे गेलेले दिसले तर रोग समजून औषध मारू नका, ती पानं कापणारी माशी आहे, तिला घरटं आतून मढवायला तो तुकडा हवा असतो, झाडाला काही होत नाही.

सकाळी ऊन पडल्यावर वांग्याच्या झाडापाशी पाच मिनिटं उभे राहा. पोटावर निळसर पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येईल, फुलाला उलटी लटकेल आणि एकदम "झ्झ्झ" असा बारीक आवाज येईल, उडतानाच्या आवाजापेक्षा वेगळा, चढा. वांग्या-टोमॅटोचे पराग नळीसारख्या कोषात असतात आणि टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतात, ते असं अंग थरथरवून झाडावे लागतात. हे या निळ्या पट्टेवालीला जमतं, भुंग्याला जमतं, पेटीतल्या मधमाशीला जमत नाही. म्हणजे गावात शंभर पेट्या आणून ठेवल्या तरी वांग्याच्या फुलावरचं हे काम त्या करणार नाहीत.

माश्यांशिवाय फुलपाखरं, रात्रीचे पतंग, फुलांवर हेलिकॉप्टरसारख्या एका जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या, पांगाऱ्यावर येणारा शिंजीर, रात्री काटेसावरीवर येणारी वटवाघळं, हे पण परागवाहकच. जगातल्या महत्त्वाच्या ११५ अन्नपिकांपैकी ८७ पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-जास्त फायदा होतो, त्यामुळे हा फक्त निसर्गप्रेमींचा विषय नाही, आठवडी बाजाराचाही आहे.

२. धूर आणि फवारणी

नगरपरिषदेकडे पहिलं काही मागायचं असेल तर झाडं मागू नका, फॉगिंगचं वेळापत्रक मागा.

डेंग्यूचे दोन पेशंट निघाले की नगरसेवकाला फोन जातो, आणि संध्याकाळी मशीन घेऊन गाडी फिरते. त्या धुरात डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये मिसळलेलं मॅलॅथिऑन नाहीतर पायरेथ्रम असतं, जे डास आणि माशी यात फरक करत नाही. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि बसतो कुठे तर घरात, पलंगाखाली, कपड्यांमागे. रस्त्यावर केलेला धूर त्याच्यापर्यंत फारसा पोचतच नाही, पोचतो तो झाडाला उघड्या पोळ्यावर बसलेल्या फुलोरीपर्यंत.

मी फॉगिंग कधीच करू नका म्हणत नाहीये, साथ असेल तर आरोग्य विभागाला करावं लागतं. पण मागायचं काय ते नीट मागा. पेशंट सापडलेल्या घरांत आणि आसपासच करा, सरसकट गावभर नको. फुललेल्या झाडांवर, बागेत, शेताच्या कडेला मशीनचं तोंड नको. आणि मुख्य भर डासांच्या अळ्यांवर द्या, म्हणजे आठवड्यातून एक कोरडा दिवस, कूलर, टायर, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरचे डबे रिकामे, जिथे पाणी काढता येत नाही तिथे गप्पी मासे. यावर आरोग्य खात्याचे लोक वाद घालत नाहीत कारण त्यांचं स्वतःचं पोस्टरही हेच सांगतं, फक्त धूर दिसतो आणि रिकामा कूलर दिसत नाही म्हणून धूर होतो.

तणनाशकाचंही तसंच. रस्त्याकडेला, नाल्याच्या काठाला, स्मशानभूमीच्या कुंपणाला ठेकेदार ग्लायफोसेट मारतात कारण मजूर लावण्यापेक्षा स्वस्त पडतं. ठरावात एक ओळ टाकून घ्या की नगरपरिषदेच्या जागेवर तणनाशक वापरायचं नाही. ओळ छोटी आहे पण पुढच्या टेंडरमध्ये ती कॉपी-पेस्ट होत राहते, हा तिचा फायदा.

घरी डाळिंबावर, जास्वंदीवर मावा-पिठ्या पडला तर आधी पाण्याचा फवारा, साबणाचं पाणी, निंबोळी अर्क, आणि तेसुद्धा संध्याकाळी उशिरा, माश्या परत गेल्यावर. दुकानदाराने "इमिडा घेऊन जा" (म्हणजे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक) म्हटलं तर घेऊ नका, ते औषध झाडाच्या आत जातं आणि फुलाच्या मधात-परागातही उतरतं.

३. गवत कधी कापायचं

आपल्याकडे दरवर्षी गणपतीच्या आधी गावाची स्वच्छता होते आणि ग्रासकटर फिरतो. नेमका तोच काळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, जेव्हा तेरडा, सोनकी, टाकळा, कुर्डू, रानतुळस फुलत असतात. कासच्या पठारावर हीच फुलं बघायला आपण तिकीट काढून जातो आणि गावातल्या मोकळ्या प्लॉटवर तीच तण म्हणून उडवतो.

सगळीकडे वाढू द्या असं म्हटलं की लोक सापाची भीती काढतात, आणि ती खोटी नाही. म्हणून मधला रस्ता असा की पायवाटा, शाळेचं मैदान, घरांच्या भिंतीपासून दोन-तीन मीटर हे व्यवस्थित कापलेलं ठेवायचं, आणि टेकडीचा उतार, टाकीच्या आवाराचा मागचा भाग, नदीचा काठ, कंपोस्ट डेपोचं कुंपण असे तुकडे बी पडेपर्यंत सोडायचे, नोव्हेंबरमध्ये कापायचे. तिथे एक पाटी लावा, "फुलोऱ्यासाठी राखीव, नोव्हेंबरात कापणार". पाटी नसेल तर आठ दिवसांत कोणीतरी तक्रार करतं आणि कटर येतो.

कापलेलं गवत जाळू नका, आणि फेब्रुवारी-मार्चला टेकडीवर लावले जाणारे वणवे हा तर वेगळा लेख होईल. वाळक्या काड्यांत आणि पालापाचोळ्यात पुढच्या वर्षीची पिल्लं असतात, ती जळतात.

४. थोडी माती उघडी ठेवा

माश्यांच्या जातींपैकी साधारण ७० टक्के जमिनीत बिळं करतात. आणि आपलं सुशोभीकरण म्हणजे पेव्हर ब्लॉक. झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक, बागेत ब्लॉक, देवळाच्या आवारात ब्लॉक, आता तर ओढ्याच्या काठालाही ब्लॉक. झाड लावायला पैसे मिळतात आणि त्याच झाडाभोवती माती झाकायला पण पैसे मिळतात, कमाल आहे.

मागायचं एवढंच की प्रत्येक झाडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी, आणि प्रत्येक बागेत एक उन्हातला, थोडा उताराचा, पाणी न साचणारा कोपरा तसाच उघडा. लॉन नाही, मल्चिंग नाही, खोदकाम नाही. पेन्सिल जाईल एवढी भोकं आणि बाजूला मातीची रवाळ ढिगोळी दिसली तर समजायचं वस्ती झाली.

दाट लावून झटपट जंगल करायची जी फॅशन आलीये तिच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. सावलीला ठीक, पण एका चौरस मीटरला तीन-चार झाडं कोंबली की खाली ऊन पोचत नाही, आणि उन्हातली माती आणि खालची झुडपं हीच तर माश्यांना हवी असतात. त्यापेक्षा विरळ झाडं, मध्ये झुडपं, कडेला गवत, हे बरं.

५. झाडं लावायची तर उपासाचे महिने बघून

मार्च-एप्रिलला गावात फुलांची कमी नसते. काटेसावर, पळस, पांगारा जानेवारीपासून मार्चपर्यंत, मग कडुनिंब, करंज, जांभूळ, शिरीष, मग बहावा, ताम्हण, अर्जुन, आणि मे-जूनला चिंच. खरा प्रश्न भर पावसाळ्याचा आणि नंतर हिवाळ्याच्या सुरुवातीचा. तेव्हा खायला काय आहे ते बघा आणि तीच झाडं यादीत पुढे घ्या. पावसाळ्यात खैर, साग, निर्गुडी, आणि जमिनीलगत तुळस, सब्जा, तेरडा. पावसाळा सरताना बोर. पुढे रिठा, कोरांटी, अडुळसा. शेवगा वर्षातून बऱ्याचदा फुलतो, तो प्रत्येक वॉर्डात असावा. आणि रुई, जी कोणी मुद्दाम लावत नाही, शनिवारी मारुतीला माळ घालण्यापुरती आठवते, तिच्या मोठ्या जाड फुलांचं परागीभवन मुख्यतः भुंगाच करतो. रिकाम्या प्लॉटवर आपोआप आलेली रुई फक्त काढू नका, तेवढं पुरे.

फुलपाखरांना नुसता मध नको, अळीला खायला ठरावीक झाड लागतं. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर एमिग्रंट, कण्हेरीवर कॉमन क्रो, सापसंदाच्या वेलावर क्रिमझन रोझ. पानफुटीचं जाड पान उन्हात धरून बघा, आत पोकळी आणि त्यात सरकणारी अळी दिसली तर ती रेड पियरोची, ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खाते. सांगायचा मुद्दा, कढीपत्त्याची पानं कोणी कुरतडली तर रागावायचं नाही, राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन पण याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं.

काय लावू नये हेही सांगतो. स्पॅथोडिया, म्हणजे ती आफ्रिकन लाल-केशरी कपांसारखी फुलं येणारी, रस्त्याकडेला हमखास लावतात. तिच्या फुलात बिनडंखाच्या माश्या मेलेल्या सापडतात, तिचा मध त्यांना विषारी ठरतो. कोनोकार्पस हे परदेशी झाड दुभाजकात लावू नका, गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. घाणेरीवर फुलपाखरं भरपूर येतात म्हणून लोक ती बागेत आणतात, पण ती टेकडीवर पसरली की बाकी सगळं मारते, नका आणू. गुलमोहर आहे तो राहू दे, नवीन लावायचा तर त्या जागी पांगारा लावा.

एक हिशोब लक्षात ठेवा. आग्या काही किलोमीटर लांब जाऊन येते, पण लहान एकट्या माश्या घरट्यापासून दोन-तीनशे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. म्हणून गावाबाहेर एक एकराचं "बटरफ्लाय गार्डन" करण्यापेक्षा गावात दर दोन-तीनशे मीटरला एक छोटा तुकडा, म्हणजे शाळेचं कुंपण, देवळामागची जागा, पोलीस लाइन, एसटी स्टँडचा कोपरा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेतून घ्या, आणि उन्हाळ्यातच सांगून ठेवा, कारण जूनमध्ये गेलात तर जे उरलंय तेच मिळतं.

६. टाकीवरचं आग्या मोहोळ

गावात माश्यांवरून भांडण होतं ते इथेच. पाण्याच्या टाकीला, बँकेच्या इमारतीला, पुलाखाली आग्याचं पोळं दिसलं की कोणीतरी रात्री टेंभा घेऊन जातो किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. हजारो माश्या मरतात, पुढच्या वर्षी तिथेच नवीन पोळं लागतं.

कारण आग्या फिरस्ती आहे. फुलोरा असेल तोवर राहते, संपला की सगळं मोहोळ उठून जातं, आणि पुढच्या हंगामात बऱ्याचदा त्याच जागी परत येतं. त्यामुळे पोळं उंचावर आहे, खाली कोणाचा कायमचा वावर नाही, तर सोडून द्या. खाली दोरी बांधा, पाटी लावा, तिथे फटाके, धूर, ड्रोन, दगड नको. जवळचा दिवा रात्री बंद ठेवा, कारण आग्या उजेडाकडे येते आणि ट्यूबलाइटखाली मरून पडते, आणि सकाळी त्यावर मुलांचा पाय पडतो.

शाळेच्या दारावर किंवा दवाखान्याच्या खिडकीवर असेल तर हलवावं लागेल, पण मारून नाही. पोळं न जाळता हलवणारी प्रशिक्षित माणसं आता मोठ्या शहरांत मिळतात, पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे विचारा. नगरपरिषदेच्या अग्निशमनच्या दोन माणसांना प्रशिक्षणाला पाठवलं तर दरवर्षीचा प्रश्न मिटतो. मोहोळ उठून गेल्यावर तिथलं मेण खरवडून जागा स्वच्छ धुवा आणि जाळी मारा, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागी बसणार नाही.

चावल्या तर हात हलवत उभं राहू नका. एका डंखाचा वास बाकीच्यांना बोलावतो. तोंड-डोकं कपड्याने झाका, सरळ पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा, विहिरीत-तळ्यात उडी मारू नका. आत गेल्यावर डंख नखाने खरवडून लगेच काढा. डंख खूप असतील, किंवा एकाच डंखाने श्वास लागला, ओठ-घसा सुजला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन.

७. पेटीचं काय

आता तो पहिला प्रश्न. पेटीत बहुतेक वेळा मिळते ती युरोपियन मेलिफेरा. ती आपल्याकडे १९६० च्या दशकात आणून रुजवली, मध चांगला देते, शेतकऱ्याला उपयोगी आहे, तिच्याशी भांडण नाही. पण गावातली फुलं मोजकी असताना पंचवीस पेट्या आणून ठेवल्या तर त्या स्थानिक माश्यांच्या ताटातलं खातात. आणि रोगही फिरतात, १९९० च्या दशकात सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूच्या साथीने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींची वाट लागली होती. पाळायचीच असेल तर तुमच्याच भागातली सातेरी, नीट शिकून. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे जाऊन बघून या, पण तिथे आजूबाजूला जंगल आहे आणि तुमच्या वॉर्डात नाही हे लक्षात ठेवून.

८. घरी, गॅलरीत

तुळस, सब्जा, कोरांटी, कढीपत्ता, एक वांगं. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या. डबल पाकळ्यांची नर्सरीवाली फुलं दिसायला छान पण माशीला त्यात आत शिरता येत नाही किंवा शिरून काही मिळत नाही.

भुंग्यांसाठी आणि नळीत राहणाऱ्या माश्यांसाठी वाळके बांबू वीतभर लांबीचे कापा, एका बाजूला पेर राहू द्या म्हणजे मागून बंद, आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, दोन-चार जाड भुंग्यासाठी. जुडी बांधून पूर्वेकडे तोंड करून, पाऊस लागणार नाही अशा जागी घट्ट लटकवा. भोकाचं तोंड मातीने किंवा पानाने लिंपलेलं दिसलं की हात लावू नका. रिकाम्या झालेल्या नळ्या दरवर्षी बदला, नाहीतर बुरशी आणि किडे होतात. ऑनलाइन मिळणारी रंगीत "बी हॉटेल" बघितलीत तर भोकं उथळ असतात, पैसे घालवू नका.

मेमध्ये पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, पाणी खड्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि रोज बदला, नाहीतर डासांची पैदास आपणच करू. साखरपाणी ठेवायची गरज नाही.

९. कागदावर आणायचं कसं

नुसतं निवेदन देऊन फोटो काढला तर फाइल पडून राहते. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती समिती कागदावर असते. सभासद कोण ते मुख्याधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा, बैठक लावायला सांगा, आणि नोंदवहीत माश्यांची, पोळ्यांच्या जागांची, मोठ्या फुलझाडांची नोंद घालून घ्या. जुनं झाड पाडायचा विषय आला की ही नोंद कामाला येते, आणि शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागतेच.

दुसरी चावी म्हणजे राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान. २०२० पासून नगरपरिषदा त्यात गुणांसाठी धावपळ करतात आणि हिरवाईला त्यात गुण आहेत. तुम्ही तयार यादी, जागेचा नकाशा आणि देखभाल कोण करणार हे घेऊन गेलात तर अधिकाऱ्यालाही बरं वाटतं, त्याचं काम वाचतं. एकदम नऊ मागण्या नेऊ नका. पहिल्या वर्षी तीनच न्या, तणनाशक बंद, राखीव गवताचे चार तुकडे, आणि बुंध्याभोवती मोकळी माती. तिन्हीला जवळजवळ पैसे लागत नाहीत त्यामुळे "बजेट नाही" हे उत्तर देता येत नाही.

आणि मोजत राहा. दर महिन्याला ठरलेल्या जागी, ऊन असताना, एकाच फुलझाडासमोर पंधरा मिनिटं बसून कोण कोण आलं ते वहीत लिहा, नाव माहीत नसेल तर "काळी, बारीक, पाय पिवळे" असंही चालतं, फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकलात तर ओळखून देणारे लोक आहेत. शाळेची मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. सुरुवात या महिन्यातच करा, बदल व्हायच्या आधीचे आकडे हातात नसतील तर पुढच्या वर्षी सभेत दाखवायला काही राहत नाही.